मेटॅलिक पेंटचा छेद: पत्रा कापण्यापासून फ्लेक मोजण्यापर्यंत

मेटॅलिक पेंटच्या छेदाचे, म्हणजे पत्रा कापून उघड्या केलेल्या थरांचे, मायक्रोस्कोपचे फोटो घेऊन जे विचारायला येतात, त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. बेसकोटमध्ये (रंगाच्या थरात) काळ्या फटी का दिसतात? क्लिअर (वरचा पारदर्शक थर) उचललाय का? जाडी मोजायच्या मीटरवर १०५ मायक्रॉन जाडी येते, मग मायक्रोस्कोपखाली ११२ कशी? नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात गाड्यांचे भाग रंगवणारी पेंट शॉप भरपूर आहेत, आणि असा एखादा फोटो पुढे ठेवून पेंटची अख्खी बॅच परत पाठवायची भाषा लगेच सुरू होते. फोटोतली फट मात्र बऱ्याचदा पेंटमध्ये नसतेच. ती करवतीने, गरम माउंटने (नमुना ज्या रेझिनच्या ठोकळ्यात बसवतात त्याने) नाहीतर पॉलिशच्या कापडावर तयार झालेली असते.

म्हणून हा लेख मायक्रोस्कोपपेक्षा नमुन्याच्या तयारीवर जास्त आहे. क्वालिटीत काम करणारे, डिप्लोमा-डिग्रीच्या प्रोजेक्टवाले आणि पेंट शॉपचे सुपरवायझर यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या कॉलेजातल्या मेटॅलर्जी लॅबमध्ये लागतं ते बहुतेक सामान असतं. अडचण सामानाची नसते. तिथली सवय पोलादाचे नुसते तुकडे घासण्याची असते, आणि पेंटला ती सवय चालत नाही.

## आधी डोक्यात हवा तो नकाशा

कारखान्यात रंगलेल्या गाडीच्या पत्र्यावर खालून वर साधारण असे थर असतात. पोलाद, आणि पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर त्यावर जस्ताचा पातळ थर. मग झिंक फॉस्फेटचे १ ते ३ मायक्रॉन. त्यावर ईडी कोट (विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर) १५ ते २५, सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर) २५ ते ४०, मेटॅलिक बेसकोट १२ ते २०, आणि सगळ्यांत वर क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर हे गणित मोडतं. तिथे लांबीचा (पुट्टीचा) थर शेकडो मायक्रॉनचा सापडतो, कधी मिलिमीटरभरही.

मेटॅलिकची चमक येते बेसकोटमधल्या ॲल्युमिनियमच्या फ्लेकमुळे, म्हणजे पातळ चपट्या कणांमुळे. नेहमीचा फ्लेक ५ ते ३० मायक्रॉन रुंद आणि ०.१ ते १ मायक्रॉन जाड असतो. निर्वातात धातू बसवून केलेले खास फ्लेक याहून कितीतरी पातळ, ०.०३ ते ०.०५ मायक्रॉनचे असतात. चांगल्या थरात हे फ्लेक गच्चीवर पसरलेल्या पापडांसारखे पृष्ठभागाला समांतर पडलेले असतात. म्हणून समोरून पाहिलं की रंग उजळ दिसतो आणि तिरकं पाहिलं की गडद होतो. ते वाकडेतिकडे पडले की ढगाळ पट्टे येतात. आपल्याला मुख्यतः ही मांडणी पाहायची आहे.

## १. कापण्याआधी वरून पाहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि एकदा कापल्यावर तो परत करता येत नाही.

पॅनल साध्या पाण्याने, लागल्यास सौम्य साबणाने पुसा. परावर्तित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली १० आणि २० पटींच्या भिंगाने क्लिअरच्या आतून बेसकोट पाहा. फ्लेकची रुंदी इथे मोजायची, छेदात नाही. छेदात फ्लेक कुठून कापला जाईल याचा नेम नसतो. गोल फ्लेकचे असे अनेक छेद घेतले तर दिसणारी सरासरी लांबी खऱ्या व्यासाच्या सुमारे ७८ टक्केच भरते. छेदातल्या लांबीला व्यास समजून पुरवठादाराशी भांडलात तर तो सहज सुटेल.

फ्लेकचा आकारही वरूनच कळतो. कडा फाटक्या-दातेरी असतील तर तो कॉर्नफ्लेक प्रकार, गोल आणि गुळगुळीत असतील तर सिल्व्हर डॉलर.

क्लिअरच्या जाडीचा अंदाजही इथेच घ्या. आधी वरच्या पृष्ठभागावरची धूळ किंवा ओरखडा फोकसमध्ये आणा, मग फ्लेक. बारीक फोकसच्या चाकावरच्या दोन आकड्यांमधल्या फरकाला १.५ ने गुणा. फरक २७ आला तर क्लिअर साधारण ४० मायक्रॉन. हा अंदाजच आहे, पण पुढे छेदात ६० दिसले तर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं.

डीएफटी मीटरने (वाळलेल्या थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राने) त्याच जागी पाच वाचनं घ्या, जागा मार्करने गोल करा, फोटो काढा, आणि छेद कोणत्या रेषेवर घ्यायचा ते आताच ठरवा. ढगाळ पट्ट्याची तक्रार असेल तर रेषा पट्ट्याला आडवी जायला हवी, म्हणजे एकाच माउंटमध्ये चांगला आणि वाईट दोन्ही भाग मिळतात.

सावध: अपघाताच्या किंवा पोलीस केसच्या पेंटला हात लावू नका. ते काम न्यायसहायक प्रयोगशाळेचं आहे, आणि तशी प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे.

## २. नमुना पुरता वाळलाय ना?

स्प्रे करून मुद्दाम बनवलेलं टेस्ट पॅनल असेल तर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा क्लिअर) पूर्ण पक्का होऊ द्या. भट्टीत ६० अंशांवर अर्धा तास दिला असला तरी मी नमुना आणखी काही दिवस ठेवतो, आणि हवेवर वाळवलेलं पॅनल किमान आठवडाभर. कच्च्या क्लिअरमध्ये माउंटच्या इपॉक्सीचा हार्डनर शिरतो आणि थर फुगतो. मग जाडी जास्त येते आणि सीमारेषा धूसर दिसते.

पावसाळ्यातल्या पॅनलवर त्या दिवशीची आर्द्रता लिहून ठेवा. टू-के क्लिअरचा हार्डनर ओलाव्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक फुगे राहतात. हे फुगे खरे असतात, पण त्यांचं कारण पेंटच्या डब्यात नसून जुलैच्या हवेत असतं.

## ३. कापणी

पत्रा कापायची कात्री बाजूला ठेवा. कात्री पत्रा वाकवत कापते, पोलाद ते सहन करतं, पण भट्टीतून निघालेला पेंट तडकतो आणि थर एकमेकांपासून सुटतात. अँगल ग्राइंडरही नको, त्याच्या उष्णतेने कडेचा पेंट जळतो.

सगळ्यांत चांगली ती हळू फिरणारी, पातळ चकतीची, कूलंट असलेली कटिंग मशीन. ती नसेल तर बारीक दात्यांचा नवा हॅकसॉ ब्लेड हाताने, घाई न करता चालवा. दोन्ही वेळी पातं पेंटच्या बाजूने आत शिरून पोलादाकडे बाहेर पडलं पाहिजे. उलटं कापलं की पातं पेंटला पत्र्यापासून बाहेर ढकलतं. ठरवलेल्या रेषेपासून ३ ते ५ मिलिमीटर लांब कापा, उरलेलं घासणीत जाईल. तुकडा साधारण २० बाय १० मिलिमीटर पुरे, ३० मिलिमीटरच्या साच्यात तो आरामात बसतो.

तुकड्याच्या मागच्या बाजूला नंबर कोरा. मार्करचा नंबर पुढे पुसला जातो.

तपासा: कापलेली कड वरून १० पटींत पाहा. कडेपासून पेंट किती आत तडकलाय किंवा सुटलाय ते मोजा. तेवढा भाग आणि वर अर्धा मिलिमीटर घासणीत काढायचा आहे.

## ४. माउंट: निम्मा निकाल इथे लागतो

पोलादाच्या नमुन्यांना लॅबमध्ये बेकेलाइटचं गरम माउंट करतात, १५० अंशांच्या वर आणि दाबाखाली. पेंटला ते चालत नाही. क्लिअर मऊ होऊन दबतो आणि बेसकोटची जाडी बदलते. तुम्हाला हवं आहे थंड माउंट, तेही हळू पक्कं होणाऱ्या इपॉक्सीचं. दहा-पंधरा मिनिटांत पक्का होणारा ॲक्रिलिकचा माउंट गरम होतो आणि आकसतो. पेंटची कड आणि माउंट यांच्यात फट पडते, आणि पॉलिश करताना तिथे क्लिअरची कड गोल होते.

*साफसफाई.* तुकडा सौम्य साबणाने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने झटपट पुसा, वाळवा. ॲसिटोन किंवा थिनर नको. भट्टीत पक्का झालेला क्लिअर ते थोडा वेळ सहन करेल, पण गॅरेजमध्ये मारलेला जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर तुमच्या डोळ्यांदेखत विरघळेल. सिलिकॉन पॉलिश केलेल्या गाडीचा तुकडा असेल तर साबणाचा हात दोनदा फिरवा, नाहीतर इपॉक्सी चिकटत नाही.

*उभं करणं.* प्लास्टिकच्या क्लिपने तुकडा साच्यात काटकोनात उभा करा. तुकडा कलला तर प्रत्येक थर खऱ्याहून जाड दिसतो. १० अंश कलला तर दीड टक्का, २० अंशांना साडेसहा टक्के. सुरुवातीच्या १०५ आणि ११२ चं कोडं हेच. साच्याच्या तळाशी गुण्या लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

*जोडीदार.* त्याच साच्यात दुसरा तुकडा ठेवा, ज्याबद्दल तक्रार नाही अशा चांगल्या पॅनलचा. दोघांचे पेंट एकमेकांकडे तोंड करून, मध्ये साधारण मिलिमीटरभर जागा. याने दोन कामं होतात. पेंटच्या कडांना समोरून आधार मिळतो, आणि पुढे काही विचित्र दिसलं तर ते चांगल्या तुकड्यातही आहे का हे जागीच पाहता येतं. संपूर्ण लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

*रंग.* क्लिअर पारदर्शक, इपॉक्सीही पारदर्शक, आणि दोघांचा अपवर्तनांक जवळपास सारखा. छेदात क्लिअर कुठे संपला हे दिसतच नाही. म्हणून इपॉक्सीत किंचित रंगपेस्ट मिसळा. रेझिन आर्टचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. साधा अपारदर्शक निळा किंवा लाल घ्या. त्याच कपाटात चमचमणाऱ्या पावडरीच्या डब्याही असतात, त्या चुकूनही नकोत. त्यातला अभ्रक उद्या तुमच्या फोटोत पर्ल पेंट (अभ्रकाच्या कणांनी चमकणारा) म्हणून मिरवेल.

*ओतणं.* रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर, डबीवरच्या प्रमाणात मोजा. चमच्याने अंदाज नको. दोन मिनिटं हळूहळू ढवळा, फुगे वर येऊ द्या, आणि साच्याच्या कडेने ओता. व्हॅक्यूम चेंबर असेल तर ओतल्यावर काही मिनिटं त्यात ठेवा. हातमोजे घाला, हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली उतरतं आणि निफाडकडे तर त्याहून खाली. रात्री ओतलेला माउंट सकाळी चिकटच असतो, आणि हार्डनर कमी पडला असं समजून पुढच्या वेळी लोक तो वाढवतात. प्रमाण बिघडवू नका. माउंट २५ ते ३० अंशांच्या उबेत ठेवा आणि वेळ द्या. मे महिन्यात उलट काळजी घ्यायची: एकाच वाटीत खूप मिश्रण करून ठेवलं तर ते स्वतःच तापतं.

तपासा: नखाने दाबा, खूण उमटली तर माउंट कच्चा आहे. कच्च्या माउंटवर घासणीचे कण रुततात. तुकड्याच्या कडेला चकाकणारी रेघ दिसली तर तिथे हवा आहे. असा माउंट पुढे नेऊ नका.

## ५. घासणी

सिलिकॉन कार्बाइडचे वॉटर पेपर, भरपूर वाहतं पाणी, चाकाचा वेग मिनिटाला २०० ते ३०० फेरे. चाक नसेल तर जाड काचेवर पेपर चिकटवून हाताने घासा, चालतं.

क्रम: पी ३२०, पी ६००, पी १२००, पी २५००. इथे एक नेहमीचा घोटाळा आहे. नंबरांच्या दोन पद्धती चालतात. पेपरमागे नंबराआधी ‘पी’ असेल तर ती युरोपीय पद्धत, नसेल तर बहुधा अमेरिकन. पी १२०० म्हणजे साधारण १५ मायक्रॉनचा कण, आणि अमेरिकन ६०० जवळपास तेवढाच. दोन्ही पद्धतींचे पेपर एकाच गठ्ठ्यात आले की कागद बदलूनही बारकावा तोच राहतो. रविवार कारंज्यावरून आणा की ऑनलाइन मागवा, पाठचा शिक्का वाचा.

३२० वर फक्त कापणीत बिघडलेला भाग काढायचा. पुढच्या प्रत्येक पेपरवर माउंट ९० अंश फिरवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबा. ओरखडे थरांना समांतर किंवा काटकोनात ठेवू नका, साधारण ४५ अंशांत ठेवा. समांतर ओरखडा फोटोत थराच्या सीमेसारखा दिसतो. काटकोनातला ओरखडा पोलादाचा कीस पेंटमध्ये ओढून आणतो, आणि तो कीस चमकतो, अगदी फ्लेकसारखा.

प्रत्येक पेपरनंतर माउंट आणि हात दोन्ही धुवा. अल्ट्रासॉनिक टबमध्ये फार वेळ ठेवू नका, सैल फ्लेक निघून जातात. पाण्यात भिजत ठेवून जेवायला जाऊ नका, कारण पोलादाला गंज चढतो आणि तो पेंटखाली शिरून फटीसारखा दिसतो. घासणीचा गाळ गटारात सोडू नका. फडक्यात गाळून वेगळा ठेवा, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि आपली गटारं शेवटी नासर्डी नदीला मिळतात.

तपासा: २५०० नंतर १० पटींत पाहा. सगळे ओरखडे एका दिशेचे आणि सारखे बारीक हवेत. एखादा खोल ओरखडा उरला असेल तर मागच्या पेपरवर जा. तो पॉलिशमध्ये जाईल ही आशा धरू नका.

## ६. पॉलिश: फ्लेक इथे मरतात

कडक, बिनलवीच्या कापडावर ३ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, दोन-तीन मिनिटं. मग दुसऱ्या कापडावर १ मायक्रॉन, एक-दोन मिनिटं. वेग १५० फेऱ्यांच्या आसपास, दाब हलका. वंगण तेलाचं किंवा अल्कोहोलचं, पाण्याचं नको.

मऊ मखमली कापड नको. पोलाद कडक, पेंट मऊ. लव असलेलं कापड मऊ भाग खात जातं, पोलाद उंचवटा बनून उरतं आणि थरांच्या कडा गोल होतात. मग एकाच वेळी सगळे थर फोकसमध्ये येत नाहीत. जास्त वेळ पॉलिश केल्याने फोटो जास्त चांगला येत नाही, उलट बिघडतो.

आता खरी खोड. मेटॅलर्जी लॅबमध्ये शेवटचा हात म्हणून कोलॉइडल सिलिका वापरायची पद्धत आहे. पोलादावर ती आरसा करते. पण तिचा पीएच साधारण ९ ते १० असतो, आणि ॲल्युमिनियम इतकी अल्कली सहन करत नाही, विरघळतं. अर्धा-एक मायक्रॉनचा फ्लेक विरघळायला कितीसा वेळ लागणार? उरतात त्या फ्लेकच्याच आकाराच्या, फ्लेकच्याच दिशेच्या काळ्या फटी. फोटो इतका नेटका येतो की कोणालाही तो पेंटमधला दोषच वाटावा.

दुसरी तशीच सवय नायटलची, म्हणजे अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाची. पोलाद पॉलिश झालं की हात आपोआप नायटलच्या बाटलीकडे जातो. नायट्रिक आम्ल जस्ताचा थर आणि फॉस्फेट खातं, फ्लेकलाही सोडत नाही. पोलादाचे कण पाहायचेच असतील तर आधी पेंटचे सगळे फोटो घ्या, मग काय ते करा.

शेवटी अल्कोहोलने धुऊन थंड हवेने वाळवा. गरम ब्लोअर क्लिअरला मऊ करतो.

तपासा: ५० पटींच्या भिंगाने बेसकोटमध्ये फ्लेक चकाकत्या बारीक रेघा म्हणून दिसले पाहिजेत. रेघांपेक्षा काळ्या फटी जास्त असतील तर पुढे जाऊ नका, २५०० पासून पुन्हा या. ठोकळ्यासारखे टोकदार चमकते कण दिसले तर ते रुतलेले घासणीचे कण आहेत. फ्लेक ठोकळ्यासारखा नसतो.

## ७. पाहणे

आधी मोजपट्टी. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे १ मिलिमीटरचे १०० भाग केलेली काच, प्रत्येक भिंगाखाली ठेवून फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरचं प्रमाण त्यावरून ठरवा. कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन किंवा झूम बदलला की हे सगळं पुन्हा करायचं. फोनने आयपीसमधून काढलेल्या फोटोवर मोजमाप करू नका.

ब्राइटफील्डमध्ये धातू ठळक दिसतो: पोलाद, जस्त, फ्लेक. डार्कफील्डमध्ये थरांचे रंग आणि सीमा उघड होतात, ईडी कोट आणि सरफेसर वेगळे काढायला हेच बरं. ध्रुवित प्रकाशात पर्लचा अभ्रक उठून दिसतो. तिन्ही फोटो एकाच जागेचे घ्या. एक्स्पोजर कमी ठेवा, कारण फ्लेक फोटोत पांढरा फटक झाला की तो खऱ्याहून जाड दिसतो.

आणि जाडीचा हट्ट सोडा. उत्तम भिंगालाही साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील वेगळा काढता येत नाही. ०.१ मायक्रॉनचा फ्लेकही तुम्हाला ०.३ चाच दिसेल. फ्लेकची जाडी प्रकाशाच्या मायक्रोस्कोपवर मोजून अहवालात लिहिणं म्हणजे भिंगाची मर्यादा मोजून फ्लेकच्या नावावर खपवणं.

## ८. मोजणी

थरांची जाडी किमान दहा जागी, सारख्या अंतरावर मोजा. छान दिसणाऱ्या जागा निवडू नका. रेषा पोलादाच्या पृष्ठभागाला काटकोनात ओढा. बेरीज पहिल्या टप्प्यातल्या मीटरच्या वाचनाशी ताडा. काही टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर आधी कल तपासा, मग कडेची गोलाई, मग मोजपट्टी. पेंटच्या थराची जाडी मोजण्याच्या पद्धती आयएसओ २८०८ मध्ये दिल्या आहेत. अहवालात तिचा उल्लेख करणार असाल तर ती वाचून करा.

फ्लेकच्या दिशेसाठी इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. प्रत्येक फ्लेकच्या दोन टोकांमध्ये रेघ ओढा, कोन घ्या, आणि शून्य अंश म्हणजे त्याच जागची क्लिअर-बेसकोटची सीमा माना. फोटोची आडवी कड शून्य धरू नका, माउंट टेबलावर किंचित फिरलेलाच असतो. शंभरेक फ्लेक तरी मोजा. सरासरी कोन बहुधा शून्याच्या आसपास येईल आणि काहीच सांगणार नाही. सांगतो तो पसारा, म्हणजे प्रमाण विचलन. चांगल्या आणि ढगाळ भागाचा पसारा वेगवेगळा काढा, आणि बेसकोटचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग करून पुन्हा पाहा.

## ९. पेंटचा दोष की आपली करणी?

इथे घाई करू नका.

काळ्या फटी. आकार फ्लेकसारखा लांबट आणि दिशा थराला समांतर असेल तर फ्लेक उपटला किंवा विरघळला आहे. खरी पोकळी गोल नाहीतर वेडीवाकडी असते. शंका असेल तर २५०० वर १०-१५ मायक्रॉन काढून, तेलाच्या वंगणाने कमी वेळ पॉलिश करा. फटी कमी झाल्या तर त्या तुमच्या होत्या. जोडीदार तुकड्यातही फटी असतील तर हेही करायची गरज नाही.

थर सुटलेला. फटीत माउंटचा रंगीत इपॉक्सी शिरलाय का पाहा. शिरला असेल तर फट ओतण्याआधीची आहे, म्हणजे पेंटची किंवा कापणीची. कापणीची असेल तर आणखी अर्धा मिलिमीटर घासल्यावर ती नाहीशी होते. फट रिकामी असेल किंवा तिच्यात घासणीचा काळा गाळ असेल तर ती माउंटनंतर झाली. हिचा दोष पेंटवाल्याच्या माथी मारू नका.

बेसकोटच्या वरच्या भागात उभे फ्लेक, आणि क्लिअरशी सीमा लहरी. हा तयारीने होणारा प्रकार नाही. बेसकोट पुरता सुकायच्या आत क्लिअर मारला की त्यातलं सॉल्व्हंट खाली झिरपतं, बेसकोट पुन्हा ओला होतो आणि फ्लेक हलतात. फ्लॅश-ऑफचा (दोन थरांमधल्या सुकण्याचा) वेळ आणि बूथचं तापमान विचारा.

फ्लेक संपूर्ण जाडीभर अस्ताव्यस्त. बेसकोट वाळताना आकसतो आणि त्या आकसण्यात फ्लेक आडवे पडतात. एकाच हातात फार जाड मारलेला, किंवा गनमधून अर्धवट वाळूनच पत्र्यावर पोहोचलेला बेसकोट त्यांना ती संधी देत नाही. जाडीची वाचनं शेजारी ठेवली की दोन्हींतलं कोणतं ते बहुधा कळतं.

दोन बेसकोट, दोन क्लिअर. पुन्हा रंगवलेलं आहे. खालच्या क्लिअरची वरची सीमा करकरीत खडबडीत असेल तर तो पेपर मारल्याचा माग. लांबी असेल तर तिच्यात गोल फुगे आणि टाल्कचे कण दिसतात. जुनी गाडी घेताना ‘ओरिजिनल पेंट आहे’ म्हणणाऱ्याला दाखवायला हा फोटो उत्तम, फक्त त्यासाठी तो पत्रा कापू देत नाही.

## १०. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कधी?

फ्लेकची जाडी, फ्लेकवरचं सिलिकाचं आवरण, फॉस्फेटचे स्फटिक, किंवा एखाद्या कणात कोणतं मूलद्रव्य आहे हे हवं असेल तेव्हाच. नुसत्या जाडीसाठी आणि दिशेसाठी तो खर्च वाया.

नमुना पाठवताना तीन गोष्टी लेखी कळवा. एक, फॉस्फरस शोधायचा असेल तर सोन्याचा लेप नको, कार्बनचा हवा. मूलद्रव्य ओळखायच्या एक्स-रे मोजणीत सोन्याची रेषा २.१२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आणि फॉस्फरसची २.०१ वर, फॉस्फेटचा थर सोन्याखाली झाकला जातो. दोन, सरफेसरमध्ये टायटॅनियम आणि बेरियम दोन्ही असू शकतात, आणि टायटॅनियमची ४.५१ व बेरियमची ४.४७ ची रेषा एकमेकींवर पडतात. यंत्राने छापून दिलेलं नाव तसंच उतरवू नका. बेरियम सल्फेट असेल तर गंधकही सापडायला हवं, ते पाहा. तीन, १५ किलोव्होल्टला इलेक्ट्रॉन पेंटमध्ये मायक्रॉनच्या हिशोबात खोल पसरतात. पातळ फ्लेकवर बिंदू ठेवला तरी आकडे शेजारच्या रंगाचेही मिसळून येतात. व्होल्टेज कमी करून पुन्हा घ्यायला सांगा.

पाठवण्याआधी माउंटला पुन्हा १ मायक्रॉनचा हलका हात द्या आणि त्यावर बोट लावू नका.

## ११. नोंद आणि जपणूक

अहवालात फोटोइतकीच तयारीची नोंद हवी: कशाने कापलं, कोणतं इपॉक्सी, पेपरांचे पूर्ण नंबर, शेवटचं पॉलिश आणि त्याचं वंगण. हे नसलेला अहवाल समोरच्याकडून आला तर काळ्या फटींबद्दल बोलण्याआधी शेवटचं पॉलिश कोणतं होतं तेवढं विचारा.

पॅनलचा उरलेला भाग फेकू नका, वाद झाला तर दुसरा छेद त्यातूनच निघतो. माउंटच्या पाठीवर नंबर कोरून तो सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा. काही महिन्यांनी तो पुन्हा काढलात तर पोलादावर तांबूस डाग आलेले असतील आणि फ्लेकही मंदावलेले दिसतील. तसाच फोटो घेऊ नका. २५०० वर दहा सेकंद, मग ३ आणि १ मायक्रॉन, आणि त्याच दिवशी फोटो.